काचपेटीतील हिरवळ

पावसाळा सरत आला म्हणजे कोकणातील भातखाचरांचे पाणी निवळू लागते. अशा वेळी बांधावर क्षणभर थांबून खाली निरखून पाहिले, तर वीतभर पाण्याच्या तळाशी एक निराळीच सृष्टी नांदत असलेली दृष्टीस पडते. भाताच्या रोपांच्या बुडाशी चिखलाला चिकटून सरपटत जाणारे एक बारीक खोड असते. त्यावर ठिकठिकाणी नाजूक देठ उभे असतात आणि प्रत्येक देठाच्या टोकाला चार पानांची लहानशी फुली उमललेली असते. त्यांच्या सावलीतून सुईएवढे मासे सुळकन इकडून तिकडे निघून जातात. शेतकऱ्याच्या लेखी ही वनस्पती म्हणजे तण. ती दिसली की तो उपटून बांधावर टाकतो. परंतु जगाच्या पाठीवर असेही कितीतरी लोक आहेत, की जे अशीच एखादी चिमुकली वनस्पती पैसे देऊन विकत आणतात, काचेच्या पेटीत लावतात आणि ती तळाशी पसरावी म्हणून महिनोन् महिने तिची निगा राखतात.

मासे आणि पाणवनस्पती काचेच्या पात्रात एकत्र नांदवण्याची कला तशी अलीकडची आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपल्या एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. सुमारे बारा गॅलन पाणी मावेल अशा पात्रात त्याने दोन लहान सोनेरी मासे सोडले होते आणि फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया ही वनस्पती लावली होती. काही दिवस सर्व सुरळीत चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली व पाणी बिघडू लागले. तेव्हा त्याने तळ्यातील काही गोगलगाई आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा निवळले. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यावा, वनस्पतीने दिलेला प्राणवायू माशांनी घ्यावा आणि गोगलगाईने सफाई करावी, असा तो परस्परांच्या आधाराने चाललेला संसार होता. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यालय उघडण्यात आले. मुंबईत समुद्रकिनारी तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते १९५१ साली.

तथापि, बराच काळ पाहणाऱ्यांचे लक्ष माशांकडेच असे. वनस्पती म्हणजे मखराभोवतालची आरास, यापलीकडे तिला मान नसे. हा दृष्टिकोन पालटण्याचे श्रेय पुष्कळसे ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराकडे जाते. त्याचा जन्म १९५४ सालचा व मृत्यू २०१५ सालचा. रानावनांची छायाचित्रे घेता घेता त्याला तेच देखावे पाण्याखाली उभे करण्याचा छंद जडला. डोंगराचा उतार, दगडांची रास, मागे दाट झाडी आणि पुढे मोकळे कुरण असे त्याच्या काचपेटीचे रूप असे. त्या देखाव्याला खोली येई ती पुढच्या बाजूस पसरलेल्या ठेंगण्या हिरवळीमुळे. ती हिरवळ नसती, तर मागचा डोंगर डोंगर वाटला नसता.

काचपेटीतील बाग साधारणतः तीन थरांची असते. मागच्या काचेलगत उंच वाढणाऱ्या वनस्पती, मधोमध मध्यम उंचीच्या आणि पाहणाऱ्याच्या बाजूस सर्वांत ठेंगण्या. या शेवटच्या ओळीतील वनस्पती सामान्यतः दहा सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या असतात. काही तर दोन-तीन सेंटिमीटरांच्या वर जात नाहीत. त्या सर्वांत लहान, म्हणून त्यांची जोपासनाही सर्वांत सोपी असेल, असे नवशिक्याला वाटते. खरी गोष्ट नेमकी उलट आहे.

याचे पहिले कारण प्रकाश. काचपेटीचा दिवा वर असतो आणि ही वनस्पती तळाशी असते. मागच्या उंच वनस्पती वाढत वाढत दिव्याजवळ पोचतात. ठेंगणीच्या नशिबी मात्र कायम तळच असतो. त्यातच वरच्या पानांची सावली तिच्यावर पडते. दुसरे कारण हवेतील वायू. सर्व हिरव्या वनस्पती प्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडपासून आपले अन्न तयार करतात. हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. शिवाय मोकळ्या हवेशी समतोल राखलेल्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम एवढाच असतो. एकमेकींना खेटून वाढणाऱ्या चिमुकल्या रोपांच्या गर्दीत तो लवकर संपतो आणि पुन्हा भरून यावयास वेळ लागतो. अंधार आणि उपासमार या दोहोंशी झगडतच या वनस्पतीला पसरावे लागते. कोणती वनस्पती या झगड्यात टिकेल आणि कोणती हरेल, हे तिच्या जातीवर अवलंबून असते. म्हणून जो ती लावू इच्छितो, त्याने आधी तिला ओळखले पाहिजे.

ओळखावयाचे कसे? रंगावर भिस्त ठेवून चालत नाही, कारण एकच वनस्पती कमी प्रकाशात हिरवी व भरपूर प्रकाशात तांबूस दिसू शकते. उंचीही फसवी असते. खात्रीची खूण म्हणजे वनस्पतीची ठेवण. पाने कोठून फुटतात, ती कशी मांडलेली असतात आणि वनस्पती कशाच्या बळावर पसरते, या तीन गोष्टी पाहिल्या की निम्मे काम होते.

पहिला गट गवतासारख्या दिसणाऱ्या वनस्पतींचा. त्यांच्यापैकी कोणीही खरे गवत नव्हे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. केसासारखी बारीक, गोल, टोकदार काडी जमिनीतून झुबक्याने वर आलेली असेल आणि तिला पाते असे काही नसेलच, तर ती एलिओकॅरिस होय. हिचे कूळ लव्हाळ्याचे. जी हिरवी काडी पान म्हणून वाटते, ते वास्तविक तिचे खोडच असते. मातीखालून बारीक धावत्या खोडांनी ती पसरते आणि काही महिन्यांत खरोखरीच्या कुरणासारखी दिसू लागते. पाते किंचित रुंद, टोकाशी बोथट आणि उजेडासमोर धरले असता त्यात आडवे पडदे दिसत असतील, तर ती लिलिऑप्सिस. ही कोथिंबिरीच्या कुळातील आहे, असे सांगितले तर कोणाचा सहजासहजी विश्वास बसणार नाही. पाती चपटी असून एकाच बिंदूतून पंख्यासारखी फुटली असतील आणि त्या रोपापासून दोरीसारखे खोड निघून थोड्या थोड्या अंतरावर नवीन रोपे तयार झाली असतील, तर ती हेलांथियम असण्याचा संभव अधिक. आईच्या बोटाला धरून चालणाऱ्या मुलांप्रमाणे ही रोपे एकामागोमाग एक साखळीने पुढे सरकतात.

या हेलांथियमसारखीच दिसणारी, परंतु जाड व मांसल पात्यांची सॅजिटेरिया नावाची दुसरी एक वनस्पती आहे. लहानपणी दोघींत फरक करणे कठीण. काही महिने ती ठेंगणी राहते आणि मग परिस्थिती मानवली की अकस्मात हातभर वाढून पुढची काच झाकून टाकते. ओळख पटवून न घेता लावलेल्या रोपाने मालकाला कसे फसवावे, याचा हा नमुनाच होय.

दुसरा गट सरपटणाऱ्या वनस्पतींचा. यांचे खोड जमिनीलगत आडवे धावते. प्रत्येक पेरावर समोरासमोर पाने येतात आणि त्याच पेरातून खाली मुळे उतरतात. यांतील ग्लॉसोस्टिग्मा ही ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडील वनस्पती अमानोच्या देखाव्यांमुळे जगभर प्रसिद्ध झाली. तिची पाने चिमुकल्या जिभेच्या आकाराची असतात. प्रकाश भरपूर असेल तर ती जमिनीला चिकटून पसरते. प्रकाश कमी पडला की मान उंच करून वर येऊ लागते. ही तिची मान उंचावण्याची खूण म्हणजे ‘मला दिवा कमी पडतो’ असे तिने दिलेले निवेदनच होय. क्युबा बेटावरून आलेल्या हेमियान्थसची पाने तर मोहरीच्या दाण्याहून जेमतेम मोठी असतात. ती काचपेटीतील सर्वांत लहान वनस्पतींपैकी एक असून तिला प्रकाश व कार्बन डायऑक्साइड दोन्ही मुबलक लागतात. तिच्यासारखीच, पण मसुराच्या दाण्याएवढी पाने असलेली तिची एक नातलग ‘माँटे कार्लो’ या नावाने विकली जाते. ती थोड्या मंद प्रकाशातही तग धरते. त्यामुळे नवशिक्याने क्युबावासिनीऐवजी हिच्याशी मैत्री करणे अधिक शहाणपणाचे. याच गटात मोठ्या, तजेलदार पानांची स्टॉरोजायनी ही ब्राझीलची वनस्पती येते. आबोली आणि अडुळसा हे तिचे कुळबंधू. शेंडा खुडला की ती बाजूंनी फुटते व झुडपासारखी दाट होते.

तिसरा गट जमिनीलगत पानांचा झुबका धरणाऱ्यांचा. यात क्रिप्टोकोरायनी पार्वा ही श्रीलंकेतील वनस्पती प्रमुख आहे. अळूच्या कुळातील ही वनस्पती आपल्या वंशात सर्वांत ठेंगणी. हिच्याच वंशातील काही जाती सह्याद्रीतील ओढ्यांत वाढतात. परंतु त्यांची पाने लांब असल्याने त्या पुढच्या ओळीस शोभत नाहीत. पार्वाची पाने अरुंद, गडद हिरवी व देठाची असतात. तिची वाढ इतकी मंद असते, की महिन्यामागून महिने गेले तरी चार-सहा पानांपलीकडे तिची मजल जात नाही. मात्र एकदा स्थिरावली की ती वर्षानुवर्षे टिकते आणि फारशी काळजीही मागत नाही.

चौथी मंडळी या तिन्ही गटांत न बसणारी. भातखाचरातील ती चार पानांची फुली म्हणजे मार्सिलिया. ही फुले न येणारी, नेच्यांच्या वर्गातील वनस्पती. तिची नक्की खूण म्हणजे कोवळे पान. ते घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते व हळूहळू उलगडते. पाण्याबाहेर तिला चार पाने येत असली, तरी पाण्याखाली पुष्कळदा एकच गोल पान येते आणि तेव्हा तिची ओळख पटणे दुर्घट होते. युट्रिक्युलेरियाची कथा तर याहून नवलाची. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर पावसाळ्यात जी निळीजांभळी ‘सीतेची आसवे’ फुलतात, त्यांच्याच वंशातील गवतासारख्या पानांची एक जात काचपेटीत लावतात. हिला मुळेच नसतात. तिच्या अंगावर सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांच्या साहाय्याने ती पाण्यातील अतिसूक्ष्म जीव पकडून खाते. खताने समृद्ध केलेली माती तिला मानवत नाही. खत घालून तिचे कोडकौतुक करावयास जावे, तर ती उलट कुजून जाते.

ठेवण ओळखता आली, तरी एक फसगत उरतेच. रोपवाटिकांतून या वनस्पती बहुधा पाण्याखाली न वाढवता दमट हवेत वाढवतात, कारण तेथे त्यांना कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो व त्या झपाट्याने वाढतात. हवेतील पान जाड असते. त्यावर मेणासारखा पातळ थर असतो आणि हवा घेण्यासाठी रंध्रे असतात. पाण्याखाली या दोहोंचा उपयोग नाही. तेथे पान पातळ व मऊ असावे लागते, म्हणजे पाण्यात विरघळलेला वायू त्याच्या सबंध पृष्ठभागातून आत शिरू शकतो. यास्तव नवे रोप काचपेटीत लावले, की काही दिवसांतच त्याची जुनी पाने पिवळी पडतात, विरघळल्यासारखी होतात आणि गळतात. क्रिप्टोकोरायनीच्या बाबतीत तर एका रात्रीत सारा झुबका नाहीसा झाल्यासारखा वाटतो. नवशिका हे पाहून हताश होतो. रोप मेले असे समजून ते उपटून फेकून देतो. खरे पाहता मातीखाली मुळे जिवंत असतात आणि दोन-चार आठवड्यांत पाण्याला साजेशी नवी पाने वर येणार असतात. अशी कितीतरी जिवंत रोपे केवळ अज्ञानामुळे केरात जातात. रोप मेले की नाही हे पानांवरून ठरवू नये. मुळे पांढरी व घट्ट आहेत की काळी व लिबलिबीत, यावरून ठरवावे.

याच्या उलटही प्रकार घडतो. बाजारात कधीकधी जमिनीवरच्या वनस्पती पाणवनस्पती म्हणून विकल्या जातात. ओफिओपोगॉन हे त्याचे ठळक उदाहरण. बागेतील वाटांच्या कडेला लावतात ते हे बारीक पात्यांचे ठेंगणे झुडूप दिसावयास ऐटदार असते व पाण्याखालीही काही महिने हिरवे राहते. मालकाला वाटते, रोप रुजले. वस्तुतः ते रुजलेले नसते. साठवलेल्या अन्नावर दिवस कंठत असते. नवे पान येत नाही, बूड मऊ पडते आणि अखेर कुजून ते पाणी बिघडवते. चिवट, चामड्यासारखे, बोटांत दाबले असता कडक लागणारे पान दिसले, तर रोपाचे नाव विचारल्यावाचून ते घेऊ नये. अॅन्युबियससारखी काही खरी पाणवनस्पतीही जाड पानांची असते, हा अपवाद मात्र ध्यानात ठेवावा.

ओळख पटल्यानंतर लागवडीचा प्रश्न येतो. तळाशी दोन-तीन मिलिमीटर जाडीची स्वच्छ धुतलेली वाळू घ्यावी. खडी मोठी असेल, तर बारीक मुळांना पकड मिळत नाही. पीठासारखी वाळू असेल, तर ती घट्ट बसून मुळे गुदमरतात. थर पुढे तीन-चार सेंटिमीटर व मागे सात-आठ सेंटिमीटर असा उतरता ठेवावा, म्हणजे देखाव्याला खोली येते. ताजे शेणखत तळाशी घालण्याचा मोह टाळावा. त्यातून निघणारा अमोनिया माशांना घातक असतो.

विकत आणलेले रोप कुंडीतून काढून मुळांभोवतालचा कापसासारखा पदार्थ काढून टाकावा आणि त्याचे लहान लहान झुबके करावेत. अख्खे रोप एकाच जागी खुपसले, तर मधला भाग सडतो. झुबके तीन-तीन सेंटिमीटर अंतरावर लावावेत. साठ सेंटिमीटर लांबीच्या पेटीत पुढचा बारा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा भरावयाचा म्हटले, तर लांबीत वीस व रुंदीत चार असे ऐंशी झुबके लागतील. हे काम बोटांनी होत नाही. लांब चिमटा घ्यावा लागतो. झुबका चिमट्यात तिरपा धरून वाळूत शिरवावा आणि चिमटा सैल करून अलगद बाहेर काढावा. या वेळी पेटीत पाणी चार बोटांपेक्षा अधिक नसावे; नाहीतर लावलेले रोप तरंगून वर येते.

आणखी एक युक्ती पुष्कळजण योजतात. रोपे लावल्यावर पेटीत पाणी न भरता वाळू केवळ ओली ठेवावयाची आणि पेटीचे तोंड पातळ प्लॅस्टिकने झाकावयाचे. आतील हवा दमट राहते, वनस्पतीला वायू भरपूर मिळतो आणि चार ते सहा आठवड्यांत मुळे घट्ट रोवली जातात. मग सावकाश पाणी भरावयाचे. बुरशी येऊ नये म्हणून रोज थोडा वेळ झाकण काढून ताजी हवा मात्र द्यावी लागते.

पाणी भरल्यावर पहिले काही आठवडे कसोटीचे असतात. नव्या पेटीत टाकाऊ द्रव्यांचे रूपांतर करणारे सूक्ष्म जीव अद्याप पुरेसे वाढलेले नसतात, वनस्पतीही रुळलेली नसते. अशा वेळी शेवाळ हा तिसरा भागीदार आगंतुकासारखा घुसतो. दिवा जितका अधिक वेळ जळेल तितके बरे, या समजुतीने नवशिका दिवसभर दिवा लावून ठेवतो आणि शेवाळाचेच पोषण करतो. सहा ते आठ तासांचा प्रकाश पुरे. आठवड्यातून एकदा निम्मे पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना सोसत नाही. म्हणून ते पाणी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात साठवून ठेवावे. पाण्याचे तापमान बावीस ते अठ्ठावीस अंश असले, म्हणजे बहुतेक जाती सुखात राहतात. आपल्याकडील उन्हाळ्यात पेटी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवणे इष्ट. ज्यांना हेमियान्थससारख्या हट्टी जाती वाढवावयाच्या असतात, ते नळकांड्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचे प्रमाण लिटरमागे वीस ते तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात. परंतु हा वायू अधिक झाला, तर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात व प्राणासही मुकतात. पार्वा, मार्सिलिया आणि लिलिऑप्सिस यांना या खटाटोपाची गरज नाही. त्या सावकाश वाढतात, एवढेच.

वनस्पतीला बोलता येत नसले, तरी तिची पाने बोलतात. ही भाषा शिकणाऱ्याला पुष्कळ गोष्टी आधीच कळतात. जुनी पाने पिवळी पडत असतील, तर नायट्रोजन कमी पडत आहे. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसत असतील, तर पोटॅशियमची उणीव आहे. ही द्रव्ये टंचाईच्या वेळी वनस्पती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवते, म्हणून त्रास म्हाताऱ्या पानांना आधी होतो. लोहाचे तसे नाही. ते एका पानातून दुसऱ्या पानात सहसा हलवता येत नाही; म्हणून लोह कमी पडले, की नवी पाने फिकट येतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कोणते पान आजारी आहे हे पाहिले, की कोणते औषध द्यावयाचे हे आपोआप कळते.

हिरवळ दाट झाली, की काळजी संपली असे मात्र नव्हे. वरचा थर जाड होत जातो, तसतसा खालच्या थराला प्रकाश मिळेनासा होतो. तो कुजतो, मुळांची पकड सुटते आणि एके दिवशी सगळा गालिचा सतरंजीसारखा उचलला जाऊन वर तरंगतो. म्हणून कात्रीने त्याची वेळोवेळी छाटणी करावी लागते. ज्याला आपल्या हाताने वाढवलेल्या हिरवळीवर कात्री चालवणे जिवावर येते, त्याची हिरवळ फार दिवस टिकत नाही. मासेही विचारपूर्वक निवडावे लागतात. सोनेरी मासे तळ उकरून रोपे उपटतात व कोवळी पाने खातात. गप्पीसारखे लहान मासे मात्र हिरवळीवरून निरुपद्रवीपणे बागडतात.

छाटलेल्या फांद्यांचे काय करावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तसा तो नाही. दक्षिण अमेरिकेतून फुलांच्या सौंदर्यामुळे जगभर नेलेल्या जलपर्णीने आज महाराष्ट्रातील अनेक नद्या व तलाव झाकून टाकले आहेत. तिच्या दाट थराखाली पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे मरतात. काचपेटीतील चिमुकली वनस्पतीही ओढ्यात जाऊन पडली, तर तिचा एखादा तुकडा रुजणार नाही, असे कोणी सांगावे? म्हणून छाटलेला भाग उन्हात पुरता वाळवून खतात घालावा; ओढ्यात, विहिरीत वा गटारात टाकू नये. त्याचप्रमाणे सह्याद्रीच्या ओढ्यांतील दुर्मीळ वनस्पती केवळ शोभेसाठी उपटून आणू नये. तिचे घर तेथेच आहे.

सर्व काही जुळून आले, म्हणजे एका सकाळी दिवा लागल्यानंतर काही तासांनी हिरवळीच्या पानापानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसू लागतात. पाण्यात मावेनासा झालेला प्राणवायू तो. त्यातील एखादा बुडबुडा सुटून वर जातो आणि त्याच्या मागोमाग एखादा मासा संथपणे वळतो. वॉरिंग्टनच्या पात्रात जो परस्परांच्या आधाराचा संसार चालला होता, तोच येथे हातभर जागेत चाललेला असतो. तो पाहणाऱ्याच्या दृष्टीतही पालट होतो. पुढच्या पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावरून जाताना चार पानांची ती फुली दिसली, की तिला तो नुसते तण म्हणून ओलांडून जात नाही. तिला नाव असते आणि ते त्याला ठाऊक असते.

स्वाध्याय

१. पुढच्या ओळीतील वनस्पती वाढवणे कठीण का असते, त्याची दोन कारणे सांगा.
२. नवे रोप लावल्यावर त्याची पाने गळतात, याचे कारण काय? रोप जिवंत आहे की नाही हे कसे ओळखावे?
३. लोहाची उणीव नव्या पानांत व पोटॅशियमची उणीव जुन्या पानांत का दिसते, ते स्पष्ट करा.
४. आपल्या गावाजवळील ओढा, तळे किंवा खाचर यांच्या काठी वाढणाऱ्या एका लहान वनस्पतीचे निरीक्षण करा. ती न उपटता तिची पाने, खोड व पसरण्याची रीत यांचे दहा ओळींत वर्णन लिहा.